अन्न किती, त्याहून ते किती लांब

अंटार्क्टिकाच्या पूर्व किनाऱ्यावर अडेली जातीच्या पेंग्विनच्या अनेक वसाहती आहेत. त्यांपैकी दोन वसाहतींची २०१६-१७ च्या उन्हाळ्यातील नोंद शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. ल्युत्सो-होल्म उपसागरात त्या वर्षी समुद्रावरचा बर्फ जवळजवळ नाहीसा झाला होता. जपानी संशोधकांनी चार हंगामांत मिळून १७५ पेंग्विनच्या अंगावर बारीक उपकरणे आणि कॅमेरे लावले होते. त्यांना आढळले, की बर्फ नसलेल्या त्या हंगामात पक्षी लवकर समुद्रात पोहोचले, भरपूर खाऊन परतले आणि त्यांची पिल्ले झपाट्याने वाढली. त्याच उन्हाळ्यात, त्याच किनाऱ्यावर दूर असलेल्या अडेली लँडमधील पेट्रेल बेटावर बर्फ हटलाच नाही. आईबापांना नेहमीपेक्षा कितीतरी लांब जावे लागले. अठरा हजारांहून अधिक जोड्यांच्या त्या वसाहतीत हंगाम संपताना दोन पिल्ले जिवंत होती. दोन हजार नव्हे, फक्त दोन.

पक्ष्याची जात एकच आणि वर्षही एकच. निकाल मात्र दोन टोकांचे. हा फरक समजून घेतला तर पेंग्विनविषयी बरेच कळते. आणि पूर्णा, गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जी कुटुंबे पोटासाठी बाहेर पडतात, त्यांच्या मुलांच्या आरोग्याविषयीही काही कळते. दुसरा मुद्दा पहिल्यापासून फार लांब वाटेल, पण तो तसा नाही.

बर्फ: घर, छत आणि कुलूप

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र दर हिवाळ्यात गोठतो. सप्टेंबरपर्यंत सुमारे एक कोटी ८५ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर बर्फाचा थर चढतो. हे क्षेत्र भारताच्या साडेपाच पट भरते. उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे फेब्रुवारीत, त्यातला तीस लाखांच्या आसपास उरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १७ लाख ९० हजारांवर आला. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक ठरला.

या बर्फाची पेंग्विनच्या जेवणात तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम जमिनीचे. एम्परर पेंग्विन अंडी घालतो ती किनाऱ्याला चिकटून गोठलेल्या बर्फावर. त्याचे पिल्लू डिसेंबरपर्यंत मोठे होते, तोवर हा बर्फ टिकला पाहिजे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. पिल्लांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसे अजून आलेली नव्हती. त्या चारही वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

दुसरे काम कुरणाचे. बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढते. क्रिल नावाचा कोळंबीसारखा छोटा जीव, विशेषतः त्याची पिल्ले, हिवाळ्यात या शेवाळावर जगतात. पेंग्विन, सील, देवमासा, सगळ्यांचे पोट या क्रिलवर. म्हणजे हिवाळ्यातला बर्फ हा पुढच्या उन्हाळ्यातल्या जेवणाची पेरणी आहे.

तिसरे काम मात्र उलटे आहे. बर्फ हे समुद्राला लागलेले कुलूपही आहे. खाली अन्न आहे, पण वर पक्का थर असला की फट सापडेपर्यंत चालत राहावे लागते. अडेली पेंग्विन पाण्यात ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने जातो. बर्फावर चालताना त्याचा वेग ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. पाण्यातून अर्ध्या तासात कापण्याच्या अंतराला चालत दोन तास लागणार. एम्परर पेंग्विनला तर खुल्या पाण्यापर्यंत कधी कधी शंभर किलोमीटर चाल करावी लागते. पॉइंट जिऑलॉजी येथील वसाहतीच्या अनेक वर्षांच्या नोंदींत असे दिसले, की वसाहतीपासून खुले पाणी जितके जवळ, तितकी त्या वर्षी पिल्ले जास्त जगली.

म्हणून ‘बर्फ कमी झाला की पेंग्विन संपला’ हे सरसकट विधान अपुरे आहे, आणि ‘बर्फ कमी झाला तर बरेच झाले’ हेही चूक आहे. ल्युत्सो-होल्म उपसागरात एरवी बर्फ फार असतो, म्हणून तो गेल्यावर तिथल्या पक्ष्यांचे भले झाले. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला बर्फाचा हंगाम आधीच आखडला आहे. तिथे अडेलींची संख्या घटत गेली. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाऊस किती पडला यासोबतच तो कधी पडला आणि कुठे पडला, हे विचारल्याशिवाय सालाचा अंदाज कुणी बांधत नाही. बर्फाचेही तसेच आहे.

शरीराचा जमाखर्च

हे अंतर पिल्लाच्या जिवावर कसे उठते, हे पाहायचे तर शरीराची वही उघडावी लागते. अडेली पेंग्विनचे वजन चार-पाच किलो. पहिले तीन आठवडे आई आणि बाप आळीपाळीने पिल्लाजवळ बसतात. एक राखण करतो, दुसरा समुद्रावर जातो. गेलेला पक्षी जे खातो, त्यातून आधी त्याचा प्रवासखर्च वजा होतो, मग त्याच्या स्वतःच्या शरीराची गरज भागते आणि उरलेले पोटात साठवून तो पिल्लासाठी आणतो. वाट लांबली की दोन नुकसाने एकदम होतात. दर फेरीमागे हाती उरणारे अन्न घटते आणि दिवसाकाठी होणाऱ्या फेऱ्याही घटतात. समुद्रात क्रिल तेवढेच असले तरी पिल्लाच्या चोचीत पडणारा घास लहान होतो आणि उशिरा पडतो.

घरट्यावर थांबलेल्याचा उपास त्याच वेळी चालू असतो. उपासाच्या काळात शरीर कसे वागते, यावर एम्परर पेंग्विनच्या नराचा अभ्यास वैद्यकशास्त्राला फार उपयोगी पडला आहे. हा नर अंडे पायांवर घेऊन सुमारे ६५ दिवस उभा राहतो. त्याआधीचे दिवस धरले तर त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा होतो आणि त्यात त्याचे सुमारे चाळीस टक्के वजन उतरते. या उपासाचे तीन टप्पे असतात. पहिल्या थोड्या दिवसांत शरीर नव्या परिस्थितीशी जुळवून घेते. दुसरा टप्पा लांबलचक असतो. त्यात साठवलेली चरबी जळते आणि स्नायू बऱ्याच अंशी राखले जातात. चरबी एका मर्यादेखाली गेली की तिसरा टप्पा सुरू होतो आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. या वळणावर पेंग्विनच्या शरीरात जणू धोक्याची घंटा वाजते. जोडीदार परतला नसेल तर तो अंडे सोडून समुद्राकडे निघतो. हा निष्ठुरपणा नव्हे. बाप मेला तर अंडेही वाचत नाही. बाप जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडे होऊ शकते.

माणसाच्या उपासमारीतही आधी चरबी आणि मग स्नायू हाच क्रम असतो. लहान मुलात फरक इतकाच, की त्याच्याजवळ साठाच थोडा असतो, त्यामुळे दुसरा टप्पा लवकर सरतो. तीव्र कुपोषित मूल बहुतेक वेळा ‘भुकेने’ मरत नाही. ते हगवणीने, न्यूमोनियाने, गोवराने जाते. रोगाशी लढायला लागणारी सामग्री शरीराने आधीच मोडून खाल्लेली असते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण न्यूमोनिया लिहिले जाते आणि ते खोटेही नसते. पण हिशेब कुठे तुटला, हे त्यावरून कळत नाही.

भायखळ्याचे पेंग्विन आणि मराठवाड्याचा पाऊस

महाराष्ट्रात पेंग्विन म्हटले की भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आठवते. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून तिथे आठ पेंग्विन आणले गेले. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी वातानुकूलित दालन बांधले म्हटल्यावर हे पक्षी बर्फातून आले असणार, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ते हम्बोल्ट जातीचे आहेत. या जातीने समुद्रावरचा बर्फ कधी पाहिलेला नसतो. तिचे घर पेरू आणि चिलीचा किनारा, जिथे जमिनीवर वाळवंट आहे आणि समुद्रात थंडगार प्रवाह.

अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या वाटेचा मालक बर्फ. हम्बोल्ट पेंग्विनच्या वाटेचा मालक हा थंड प्रवाह. व्यापारी वारे वरचे कोमट पाणी पश्चिमेकडे ढकलतात आणि त्याच्या जागी खोलातले थंड, खतासारखे सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर अँकोव्ही नावाची छोटी मासळी पोसते आणि त्या मासळीवर पेंग्विन. काही वर्षांनी हे वारे मंदावतात. कोमट पाणी पेरूच्या किनाऱ्याकडे पसरते, सकस पाणी खोलच राहते, मासळी खाली किंवा दूर निघून जाते. हाच एल निनो. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूतील हम्बोल्ट पेंग्विनची संख्या निम्म्याहून खाली आली. १९९७-९८ मध्ये चिलीच्या पान दे असुकार बेटावरच्या पक्ष्यांवर उपग्रहाद्वारे पाळत ठेवली गेली. त्यांना रोज समुद्रात जास्त वेळ घालवावा लागत होता आणि काही तर शेकडो किलोमीटर दूर निघून गेले. भायखळ्यात मासा हातावर मिळतो, म्हणून तिथल्या पक्ष्यांना यातले काही सोसावे लागत नाही.

पेरूच्या किनाऱ्यावरचे हे कोमट पाणी पूर्णा आणि गोदावरीच्या संगमापर्यंत पोहोचत नाही, पण त्याचा परिणाम पोहोचतो. एल निनोच्या वर्षी भारतातला नैऋत्य मोसमी पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते आणि मराठवाड्यासारख्या पर्जन्यछायेतल्या प्रदेशाला ही तूट जास्त टोचते. २०१५ मध्ये देशात सरासरीपेक्षा चौदा टक्के कमी पाऊस झाला आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२३ चा ऑगस्ट हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ते वर्षही एल निनोचेच होते. हा नियम अचूक नाही. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता, तरी त्या वर्षी देशात पाऊस सरासरीइतका झाला. पण आभाळात ढग दिसले की छत्री घ्यायची, एवढे शहाणपण या अनिश्चिततेतही शक्य आहे.

आणि एक वर्ष तर असे आहे, जे पेरूलाही विसरता येत नाही आणि मराठवाड्यालाही: १९७२. पेरूची अँकोव्ही मासेमारी त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांहून जास्त मासळी निघाली होती. आधीच चाललेला अतिउपसा आणि त्यावर १९७२ चा एल निनो, यांमुळे १९७३ पर्यंत त्याचा पाचवा हिस्साही उरला नाही. इकडे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला.

बहात्तरने शिकवलेले

ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो आहे. राज्यात धान्याचे उत्पादन कोसळले होते. पोट भरायला पुरेसे धान्य महाराष्ट्रात पिकलेच नव्हते, असे आकडे सांगतात. तरीही ज्या प्रमाणात माणसे मरतील अशी भीती होती, त्या प्रमाणात ती मेली नाहीत. कारण सरकारने आणि जनतेच्या रेट्याने गावाजवळ कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख लोक त्या कामांवर होते. हातात मजुरी आली, मजुरीमागे धान्य आले. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो अमलात आला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवरच्या आपल्या पुस्तकात हीच बाब सिद्धान्त म्हणून मांडली: देशात अन्न नसणे आणि माणसाला अन्न न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेट्रेल बेटावरच्या पेंग्विनला हे सांगायला सेन लागत नाहीत. समुद्रात क्रिल होते. ते त्याच्या पिल्लापर्यंत पोहोचले नाही.

कोरा रकाना

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. पाऊस दगा देतो तेव्हा इथून कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी हैदराबादला जाते. परभणी जिल्ह्याच्या अनेक गावांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्याला आले तर शिवारात काम राहते. नाही आले तर कोयता. अंटार्क्टिकात अडेलीची पिल्ले वाढतात ते डिसेंबर-जानेवारीचे दिवस आणि इकडे फडात ऊसतोड जोरात असते ते दिवस एकच.

मजुरी मिळते, म्हणून कुटुंब जाते. त्यात चूक काहीच नाही. बहात्तरमध्ये मजुरीनेच माणसे वाचवली. पण आता ही मजुरी गावाजवळ नाही, तिथे जाण्याचाही खर्च आहे, आणि तो खर्च घरातले सर्वांत लहान माणूस भरते. आई पहाटे अंधारात फडावर जाते. अंगावर पिणारे मूल एक तर उसाच्या बांधावर किंवा कोपीत मोठ्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडी गावाकडे राहिली. लसीची तारीख चुकते. पाणी मिळेल तिथले. संध्याकाळी आई दमून परतते, तेव्हा स्वयंपाकाला उशीर होतो आणि मूल उपाशीपोटी झोपी गेलेले असते. घरात पीठ असते, कधी पैसेही असतात. मुलाच्या तोंडात घास कमी वेळा जातो. हा अडेलीच्या लांबलेल्या फेरीचाच हिशेब आहे.

या मुलाचे गावच्या अंगणवाडीतल्या नोंदवहीत काय होते? दर महिन्याला वजनाचा एक रकाना असतो. कार्तिकापासून चैत्रापर्यंत त्या मुलापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा येतो आणि रकाना कोरा राहतो. गावातल्या कुपोषणाचा महिन्याचा आकडा उरलेल्या मुलांवरून निघतो. ज्या महिन्यांत मूल सर्वाधिक जोखमीत असते, नेमक्या त्याच महिन्यांत ते मोजमापातून बाहेर असते.

पेंग्विनच्या बाबतीत जगाने अशी चूक केलेली नाही. अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांचे रक्षण करणारा आंतरराष्ट्रीय करार १९८२ पासून लागू आहे आणि भारतही त्याच्या आयोगाचा सदस्य आहे. या आयोगाने देखरेखीसाठी ठरवलेल्या मोजमापांत पेंग्विनची केवळ संख्या नाही. पालक पक्षी एका फेरीसाठी किती वेळ बाहेर राहतो आणि पिल्लू घरटे सोडताना किती वजनाचे असते, हेही त्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळाजवळच्या बेटावर तर वसाहतीच्या वाटेवर कुंपण घालून एकच फट ठेवली आणि त्या फटीत वजनकाटा बसवला. पक्षी समुद्राकडे जाताना त्याचे वजन होते, परतताना पुन्हा होते. दोन्हींतला फरक म्हणजे त्या फेरीची कमाई. मोजणी एवढी साधी आहे.

हेच परभणी जिल्ह्यात करता येईल आणि करायला हवे. दसरा ते दिवाळी या दिवसांत, जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे वजन आणि दंडघेर मोजावा. दंडघेराची रंगीत पट्टी प्रत्येक अंगणवाडीत असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा मध्यम. एवढे त्या पट्टीवर अक्षर न ओळखणाऱ्या आईलाही रंगावरून कळते. तो आकडा आईच्या हातातल्या कार्डावर लिहावा. लाल रंगात असलेले मूल प्रवासाला निघण्याआधी उपचाराखाली यावे: गुंतागुंत नसेल तर ग्राम बाल विकास केंद्रात, ताप, सूज, भूक न लागणे असे काही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात. कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीने ते कार्ड पाहून मुलाला आहार आणि लस द्यावी. आणि मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब परतले की तीच पट्टी, तोच दंड, पुन्हा एकदा. जातानाचा आणि येतानाचा फरक तालुकावार जाहीर व्हावा. तो फरक म्हणजे त्या वर्षीच्या दुष्काळाची मुलांनी दिलेली किंमत.

यावर आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. अंगणवाडी सेविकेच्या माथ्यावर आधीच नोंदींचा ढीग आहे. म्हणून ही मोजणी आणखी एक रजिस्टर म्हणून येऊ नये. त्याच माहितीची दुहेरी नोंद जिथे होते, ती बंद करून यावी. स्थलांतरित लाभार्थ्यांसाठी राज्यात योजना आहेत, शिधापत्रिका आता दुसऱ्या गावीही चालते, मग नवे काय? नवे एवढेच, की योजना पोहोचली का, याचा पुरावा मुलाच्या दंडावर शोधायचा. किती पाकिटे वाटली, हा आकडा समुद्रात क्रिल किती आहे, या आकड्यासारखा आहे. तो लागतो. पण पिल्लू जगणार की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. एल निनो आला तरी दुष्काळ पडेलच असे नाही, मग आधीपासून धावपळ कशाला? हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज देते आणि त्यात प्रशांत महासागराची स्थितीही सांगितलेली असते. म्हणजे ऊसतोडीला निघण्याच्या पाच-सहा महिने आधी इशारा हातात असतो. अंदाज चुकला आणि पाऊस चांगला झाला, तर नुकसान काय? काही मुलांचे एकदा जास्त वजन झाले, काही लसी वेळेवर पडल्या. अंदाज बरोबर ठरला आणि तयारी नसली, तर नुकसान मोजायला मूल असेलच असे नाही. टँकर आणि चारा छावण्यांचे नियोजन जसे आगाऊ होते, तसे मुलांच्या वजनाचेही त्याच बैठकीत व्हावे. टंचाई आराखड्यात जनावरांच्या चाऱ्याला पान आहे, पाण्याच्या उद्भवांना पान आहे. पाच वर्षांखालच्या मुलालाही एक पान असावे.

गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरची भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन स्थानके चालवते. तिथल्या बर्फाचा अभ्यास आपल्याला कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. समुद्र, वारा आणि बर्फ यांचे हिशेब जगभर एकमेकांत गुंतलेले आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर साधे आहे: भूक समजून घ्यायची तर अन्नाच्या साठ्यासोबत अन्नाची वाटही मोजावी लागते, हे त्या पक्ष्यांच्या अभ्यासातून स्वच्छ दिसते.

पेंग्विनला बर्फ हटवता येत नाही. त्याच्याजवळ दोनच मार्ग असतात, लांब चालणे किंवा अंडे सोडणे. माणसांच्या समाजाजवळ तिसरा मार्ग आहे. वाट लांबली तर वाटेवर जेवणाची, लसीची, दवाखान्याची सोय करता येते; बहात्तरमध्ये, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असताना, महाराष्ट्राने कामच गावाजवळ आणून दाखवले होते. यंदाची कुटुंबे निघण्याआधी प्रत्येक गावात एक काटा आणि एक पट्टी तयार असली, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.